दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची तहान

पाण्याची खरी पारख असलेलं माणूस आता जगात एकच उरलं आहे आणि ते आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतं. हे माणूस म्हणजे एक आजी आहेत. उंची बेताची, अंगावर नऊवारी, डोक्यावर पदर आणि पायांत नातवाने टाकून दिलेले पोपटी रंगाचे स्पोर्ट्स शूज. शूज दोन मापांनी मोठे असल्यामुळे पुढे कापूस कोंबलेला असतो आणि चालताना ते कुईकुई वाजतात, त्यामुळे आजी कुठल्या मजल्यावर पोचल्या हे आम्हाला लिफ्टच्या आकड्याआधी कळतं. नातसुनेने एकदा हौसेने मऊ चपला आणून दिल्या होत्या. त्या आजींनी कपाटात नीट गुंडाळून ठेवल्या आहेत; वर जायची वेळ येईल तेव्हा घालणार आहेत म्हणे.

त्यांचं वय हा सोसायटीतला कायमचा वादाचा विषय. आधार कार्डाच्या मते त्या ब्याण्णव वर्षांच्या आणि जन्म एक जानेवारीचा, म्हणजे ज्यांची जन्मतारीख कुणालाच माहीत नसते त्या सगळ्यांचा असतो तसा. नातवाच्या मते सत्त्याण्णव. खुद्द आजींच्या मते शंभर कधीच उलटून गेली, पण मोजायला त्या काळी वस्तीत लिहिता येणारं कुणी नव्हतं. कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात बाटल्यांना बुचं लावली, तिथून निवृत्त होतानाही वयावरून भांडण झालं होतं आणि त्यात साहेब हरला होता. अशा बाईशी आधार कार्डाने वाद घालू नये, हे मी आपलं माझं मत सांगते.

तर पाणी. रविवारी पहिला मजला, सोमवारी स्वतःचाच दुसरा, अशी आजींची फेरी ठरलेली आहे. पाचव्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे, गुरुवारी चारच्या सुमारास. बेल वाजवायची, बूट न काढता आत यायचं आणि बसायच्या आधी म्हणायचं, "पानी दे गं." घरच्या बाईने ट्रेमधून ग्लास आणला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरून माठात स्वतःच्या हाताने भांडं बुडवायचं, ओठ लावून सावकाश पाणी संपवायचं आणि मग निकाल द्यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं पाणी "धुतलेलं". सेक्रेटरींकडे पाच दिव्यांचा फिल्टर आहे, त्यांचं पाणी "आजारी मान्साचं". पहिल्या मजल्यावर एका नव्या सुनेला "तुझं पानी ग्वाड हाय" असं प्रमाणपत्र मिळालं, तर ती आठवडाभर मान वर करून चालत होती. साथीच्या दिवसांत सगळं जग बाटली उंच धरून, ओठ न लावता पाणी पिऊ लागलं आणि एकमेकांपासून चार हात लांब उभं राहू लागलं, तेव्हा आजी गॅलरीतून ते बघत आणि म्हणत, "आता कसं, समदी एका जातीची झाली." आम्ही खालून हसायचो. म्हातारीची जीभ फार तिखट, असं आपापसांत म्हणायचो.

पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हापासून आजींना आणखी एक नाद लागला. महिन्यातून एकदा रिक्षाने खोपटच्या डेपोत जायचं, समोर जी गाडी उभी असेल तिच्यात बसायचं, शहापूर म्हणा, भिवंडी म्हणा, जिथे नेईल तिथे उतरून चहा प्यायचा आणि त्याच गाडीने परत यायचं. काम काही नाही. बसायचं मात्र ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर. एकदा मी सोबत गेले होते. कंडक्टरने अदबीने सांगितलं की आजी, हा बाक कुणासाठी तरी राखलेला आहे, मागे खिडकी रिकामी आहे. आजींनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मागं मी लय वर्सं बसले बाबा. आता फुडचं बघू दे." कंडक्टर बिचारा तिकिटं द्यायला मागे निघून गेला आणि आजींनी शहापूरपर्यंत समोरचा रस्ता असा बघितला, जणू गाडी त्याच चालवत होत्या.

एवढं सगळं असताना त्यांना कुणी शोधत आलं नसतं तरच नवल. डोंबिवलीच्या कॉलेजातल्या दोन मुली मोबाइल घेऊन आल्या. त्यांना शंभर वर्षांतल्या सामाजिक बदलांवर प्रकल्प करायचा होता, आणि प्रकल्पात आजींनी थोडं रडावं अशी त्यांची मनातून इच्छा असावी. आजी तासभर पिठाच्या गिरणीवर आणि कुकरवर बोलल्या. मुलींनी घसा खाकरून विचारलं, "पण आजी, सगळ्यात मोठा बदल कुठला?" आजी म्हणाल्या, "नळ." मुलींनी वहीत "पाणीपुरवठा" असं लिहिलं. आजींनी ते लिहिणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "गावात हिरीला हात लावायचा न्हाई. कुनी वरच्या आळीची बाई येईल, तिला दया येईल, मंग ती लांबून वतनार आन् आमी वंजळ धरनार. दुपार दुपार बसून ऱ्हायचो. ठान्याला आले आन् पैला नळ सोडला. त्यानं इचारलं न्हाई, तू कुनाची म्हनून." मुलींनी वहीतला "पाणीपुरवठा" खोडला. मीही तिथेच बसले होते आणि ते ऐकताना नजर चुकवायला मला वेगळंच कारण होतं.

ते असं की, या इमारतीत सात मजले आणि अठ्ठावीस घरं आहेत, आणि त्यांतल्या एकाच घरात आजी पाणी पीत नसत. ते घर माझं.

इमारत नवी होती तेव्हाची गोष्ट. आजी पहिल्यांदा आमच्याकडे आल्या आणि रिवाजाप्रमाणे पाणी मागितलं. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या मनाने वाईट नव्हत्या; हे वाक्य मी गेली सात वर्षं स्वतःला ऐकवत आले आहे. त्यांनी आजींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबवलं, गॅलरीच्या कठड्यावरचा, बाहेरच्या माणसांसाठी ठेवलेला पोचा पडलेला पेला उचलला आणि त्यात वरून, अंतर राखून पाणी ओतलं. आजींनी पेल्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे. मी तिथेच भाजी निवडत होते आणि भाजी निवडतच राहिले. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तहान गेली."

त्यानंतर त्या यायच्या थांबल्या असत्या तर माझी सुटका तरी झाली असती. पण नाही. दर गुरुवारी चार वाजता कुईकुई करत यायच्या, गप्पा मारायच्या, माझ्या लिंबाच्या लोणच्याची वाटी हक्काने भरून न्यायच्या. पाणी तेवढं नाही. वैशाखात पदराने वारा घेत बसायच्या, मी विचारलं की, "तहान न्हाई." आणि आमच्या दारातून बाहेर पडून समोरच्या घराची बेल वाजवायच्या, आणि बंद दारातून मला स्पष्ट ऐकू यायचं, "पानी दे गं."

सासूबाई गेल्या. मी तो पेला भंगारात दिला आणि मला वाटलं, प्रश्न मिटला. आजींना तहान काही लागली नाही. मग मी गावदेवीच्या बाजारातून नवा माठ आणला. तरीही नाही. शेवटी माझ्या लग्नातलं चांदीचं फुलपात्र लॉकरमधून घरी आणलं, चिंच लावून लखलखीत घासलं आणि खास आजींसाठी म्हणून काचेच्या कपाटात वेगळं ठेवलं. यजमानांनी एकदा त्यात पाणी घेतलं तर त्यांच्यावर ओरडले. पस्तीस वर्षं मुलांना शाळेत समता शिकवलेली बाई मी. माझ्या प्रयत्नांचं माझं मलाच कौतुक वाटत होतं.

यंदा एक जानेवारीला सोसायटीने आजींची शंभरी साजरी केली. शेजारच्या इमारतीने कुणाची तरी नव्वदी केली होती, त्यामुळे आम्हाला शंभराच्या खाली उतरता येईना. मांडव, केक, शाल, श्रीफळ, खुर्च्यांवर पाण्याच्या सीलबंद बाटल्या. सेक्रेटरी माइकवर म्हणाले की आजींनी या इमारतीतल्या प्रत्येक घरचं पाणी प्यायलं आहे, त्या आपल्या एकोप्याचं प्रतीक आहेत. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण मान वर करवेना. आजींनी व्यासपीठावरून मला बरोबर शोधून काढलं आणि बोळकं पसरून हसल्या.

कार्यक्रमानंतर त्या म्हणाल्या, "लोनचं संपलंय," आणि माझ्याबरोबर वर आल्या. शाल, हार, बूट, सगळ्यासकट सरळ स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. उन्हात बसून चेहरा सुकला होता. मी धावत जाऊन फुलपात्र आणलं.

"ह्ये कुनाचं?"

"तुमच्यासाठीच ठेवलंय आजी. घरात दुसरं कुणी त्याला हातसुद्धा लावत नाही."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मी ते ऐकलं. आजींनीही ऐकलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग त्या डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "तुझ्या सासूनं पोचा पडल्याला येगळा ठेवला, तू चांदीचा येगळा ठेवलास. सुदारना हाय, मास्तरीनबाई. सुदारना हाय." मला रडू यायला लागलं होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. विचारलं, "तू कशातनं पितीस?"

माठाजवळ माझं रोजचं स्टीलचं भांडं होतं, निम्मं प्यायलेलं. आजी उठल्या, त्यांनी ते उचललं, ओठ लावला आणि माझं उष्टं पाणी सावकाश संपवलं. मग त्याच भांड्याने माठातलं आणखी घेतलं आणि तेही प्यायल्या. सात वर्षांची तहान होती ती. भांडं जागेवर ठेवून निकाल दिला, "पानी बरंय. माठ घासत जा."

उन्हाळ्यात आजींचे गुडघे गेले. फेरी बंद पडली. पोपटी बूट आता दाराशी ठेवलेले असतात आणि गुरुवारी चार वाजता इमारत फार शांत वाटते. एका गुरुवारी मला राहवेना, मी लोणच्याची बरणी घेऊन खाली गेले. दाराशीच नातसून म्हणाली, काकू, पाणी आणू? आणि माझ्या तोंडून सवयीने आलं, "नको गं, आत्ताच पिऊन आले."

आजी पलंगावर होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी भाजी निवडत होते त्या दिवशी बघितलं होतं तशा. तेव्हा कुठे मला उमगलं. सात वर्षांत मी या घरी हळदीकुंकवाची बोलावणी घेऊन आले, वर्गण्या मागायला आले, लोणचं पोचवायला आले. पाणी कधीच प्यायले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती, मीही काही ठरवलं नव्हतं. दर वेळी मी आत्ताच पिऊन आलेली असायचे.

मी बरणी खाली ठेवली आणि बसायच्या आधी म्हणाले, "आजी, पाणी द्या."

"आत माठ हाय," आजी म्हणाल्या. "हातानं घे. मला काय इचारतीस."

मी आत गेले. ओट्यावर दोन भांडी होती, एक कोरडं, एक ओलं, कुणीतरी पिऊन ठेवलेलं. मी ओलं उचललं, माठात बुडवलं आणि तिथेच उभी राहून सगळं पाणी प्यायले. बाहेरून आजींचा आवाज आला, कसं हाय म्हणून. खरं तर चव काही कळलीच नव्हती, पण पाणी प्यायलं की निकाल द्यायचा, एवढं तरी मी त्यांच्याकडून शिकले होते.

"बरंय," मी म्हणाले. "माठ घासायला झालाय."