विनताताईंच्या घरची फोडणी

निथळलेले मूग फडक्यात ओतले होते, गाठ मारायची तेवढी राहिली होती, आणि कुंपणापलीकडून विनताताईंच्या सुनेनं, इंदूनं, हाक मारली. "काकू, येता का जरा? गुरुजी आलेत. आई म्हणून राहिल्या, हेमाला बोलाव, तिच्यासमोर बोलणं होऊ दे." मी मूग परातीत तसेच टाकले, पदराला हात पुसले आणि गेले. विनताताई माझ्या सख्ख्या शेजारीण. एवढ्या वर्षांत त्यांनी मला उगीच कधी बोलावलेलं नाही.

दिवे लागले की रामरक्षा म्हणून झाल्यावर या वहीत चार ओळी लिहायच्या, असा माझा नेम आहे. आजचं चार ओळींत मावणार नाही. म्हणून ताईंबद्दल पहिल्यापासून लिहिते.

ताई माहेरच्या सागरच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा रत्नाकरराव नुकतेच दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लेथवर लागले होते. खमरियाला क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि मागं अंगण. वर्षभरानं आम्ही शेजारी आलो. मधे मेंदीचं कुंपण, तेही आमच्या जाण्यायेण्यानं एका जागी मोडलेलं. ते पुन्हा लावायचं कोणाच्या मनात आलं नाही.

चीनची लढाई झाली, मग पासष्टची झाली. त्या दिवसांत फॅक्टरीच्या भोंग्याचा काही नेम राहिला नव्हता. माणसं ओव्हरटाइम करून कधी येतील सांगता यायचं नाही. भाजीवाला सायकलवरून यायचा, कधी यायचा नाही. तेव्हापासून ताईंच्या घरी मोडाचं धान्य कधी संपलं नाही. एक भिजत, एक फडक्यात, एक ताटात. थंडीत मोड यायला उशीर लागतो, तर त्या पुरचुंडी पिठाच्या डब्यात दडवायच्या. मला म्हणायच्या, "हेमा, कोशिंबिरीचा मूग नखाएवढा मोड आला की सोडव. पुढं जाऊ दिलास की पाणचट लागतो. मटकीला थोडं जास्त चालतं. मेथीला अजिबात घाई करू नको, तिचा कडूपणा हळूहळूच जातो."

मोडाच्या मेथीचं त्या लोणचं घालायच्या. मेथी, थोडे मूग, हिरव्या मिरचीचे तुकडे, मीठ, लिंबू, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. लोणच्याला फोडणी गार करून घालायची, कोशिंबिरीला चटका बसेल अशी. लोखंडी पळीत तेल तापवून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि मोहरी तडतडली की सगळी पळी मुगावर उलटी करायच्या. तो आवाज आमच्या देवघरापर्यंत यायचा.

पलीकडच्या मिसराइन एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दीदी, आपकी छौंक की महक से हमारे मिसिरजी दाल छोड़कर उठ जाते हैं. या तो हमें सिखा दो, या मिसिरजी को आप ही रख लो."

"ना बाबा," ताई म्हणाल्या, "हमको एकही बहुत है. तो बी दिवसभर लेथवर असतो म्हणून निभतं."

रत्नाकरराव आत पेपर वाचत होते. "ऐकून राहिलो मी," ते म्हणाले, आणि आम्ही तिघी हसलो.

मुलगा एकच, शैलेंद्र. सगळी गल्ली त्याला शैलू म्हणायची. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच ओरडायचा, "आई, थांब! फोडणी नको देऊ, मी येऊन राहिलो!" फोडणी त्याच्या डोळ्यांपुढं पडली पाहिजे आणि वाफ असतानाच त्याला वाटी पाहिजे. मोठा झाला, फौजेत सिग्नलमध्ये गेला, सुट्टीवर आला तरी तेच. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. इथल्याच, जबलपूरजवळच्या पाटणच्या बाबारावांची इंदू. पाटणहून वऱ्हाड परत आलं तेव्हा ताईंनी पंक्तीला मोडाच्या मुगाची कोशिंबीर केली होती, आणि नवरदेव पाटावरून उठून स्वयंपाकघरात गेला म्हणून केवढी थट्टा झाली होती.

त्याच डिसेंबरात लढाई लागली. लढाई संपली, सगळीकडं पेढे वाटले, आणि शैलू बेपत्ता असल्याची खबर आली.

आम्ही मराठी बायका ताईंकडं गेलो. भानुमतीबाई आमच्यात वडीलधाऱ्या. त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या, "विनता, आता घरात तळणं, फोडणी असलं काही नको करू. सुतकाचं काही सांगता येत नाही बाई, आपण आपलं सांभाळून असावं."

ताई उठल्या. आम्हांला वाटलं, पाणी प्यायला गेल्या. त्यांनी शेगडी फुंकली, पळी ठेवली, तेल तापेपर्यंत आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मग मोहरी टाकली आणि पळी मटकीवर उलटी केली. चर्र झालं.

"ऐकलं भानुमतीबाई?" त्या म्हणाल्या. "सुतकाच्या घरातून असा आवाज येतो काय? मग काहून म्हणता तसं?"

आम्हांला सगळ्यांना एक एक वाटी मटकी घेऊनच घरी यावं लागलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला ताईंची फोडणी व्हायची. त्यांची एकादशी असली तरी व्हायची, रत्नाकररावांसाठी. गल्लीतून फॅक्टरीची माणसं सायकली घेऊन जायची त्यांना ऐकू जायची. आपल्याकडं सुतकात फोडणी नसते हे मिसराइनला कोणी तरी समजावून सांगितलं, तर ती बिचारी आवाज आला की आपल्या अंगणातून हात जोडायची. लोणचंही चालूच होतं. हे लोणचं काही कैरीसारखं वर्षभर टिकत नाही. शैलू केव्हाही येईल म्हणून ताई ताजं घालायच्या, आणि आधीची बरणी आमच्याकडं यायची. सगळं वर्ष आमच्या पानात शैलूचं लोणचं होतं. हे एकदा म्हणाले, "मला गिळवत नाही ते." पण परत पाठवायचं धाडस आमच्यात नव्हतं.

पाकिस्तानात आपले जे कैदी होते ते सुटून आले, त्या दिवशी रत्नाकरराव रजा टाकून चौकशीला गेले होते. परत आले, सायकल भिंतीला लावली आणि ओट्यावर बसले. इंदू पाणी घेऊन बाहेर आली. त्यांनी तिच्याकडं न बघता मान हलवली. मी कुंपणाशीच होते.

आतून ताई म्हणाल्या, "कैद्यांत नाही म्हणजे काय झालं? कुठं दवाखान्यात असेल. सगळे काय एकदम सुटतात? इंदू, मोहरीचा डबा दे." त्या संध्याकाळीही फोडणी झाली. पुढं सरकारचा कागद आला, की आता गेला असंच समजावं. त्या संध्याकाळीही झाली.

सगळ्यांत हाल इंदूचे. संक्रांत आली, घरोघरी हळदीकुंकू. तिला बोलावलं तर सरकारचा कागद आडवा येतो, नाही बोलावलं तर ताईंची फोडणी. बायका त्यांच्या फाटकापर्यंत जायच्या आणि आमच्याकडं वळायच्या. शेवटी इंदूच मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडं मी मागच्या दारानं येऊ काय? म्हणजे तुम्हांला कुंकू लावायचं की नाही हे ठरवायला नको. मी तिळगूळ करू लागेन." मी तिला पुढच्या दारानं आणलं आणि कुंकू लावलं.

मग नागपूरहून तार आली. रत्नाकररावांचे मोठे भाऊ गुणवंतराव गेले. सख्खा भाऊ, म्हणजे दहा दिवस सुतक. रत्नाकरराव नागपूरला जाऊन आले. दारातूनच ताईंना म्हणाले, "विनता, दादा होते माझे. त्यांनीच मला शिकवलं. एवढे दहा दिवस तरी..."

"दहा दिवस ना?" ताई म्हणाल्या. "पाळू की. काहून नाही पाळणार?"

सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, म्हणून त्यांच्या देवांची पूजा माझ्याकडं आली. मी सकाळी जायची, पूजा करून घरी येऊन पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायची. त्यामुळं आत काय चाललं आहे ते मला दिसायचं. ताई मूग भिजवत होत्या, बांधत होत्या, सगळं रोजच्यासारखं. पण मोड आले की पाण्यात उकडायच्या आणि मीठ घालून पानात वाढायच्या. पळी वर खुंटीला होती. ताई चुलीपाशी बसून राहायच्या, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की एकदम दचकायच्या. इंदू सांगायची. मी गुणवंतरावांचा विषय काढला तर हं हं करायच्या.

दहा दिवस झाले. घर सारवलं, सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, गुरुजींनी गोमूत्र शिंपडलं. संध्याकाळी मिसराइन कुंपणाशी आल्या, "आज तो छौंक लगेगी न, दीदी?" मलाही आतून बरं वाटत होतं. खोटा तर खोटा, पण आवाज यावा असं वाटत होतं. इंदूनं पळी खाली काढली, पुसली, तेल घालून शेगडीवर ठेवली. ताईंनी चिमटीत मोहरी घेतली. तेल तापलं, धूर यायला लागला. चिमूट तशीच.

"आई, तेल जळून राहिलं," इंदू म्हणाली.

"उतरव," ताई म्हणाल्या. "राहू दे आता."

मी म्हटलं, "ताई, सुतक फिटलं की."

त्यांनी मोहरी डब्यात परत टाकली. म्हणाल्या, "हेमा, या दहा दिवसांत मला भाऊजींची एकदाही आठवण आली नाही. एकदाही नाही गं. उकडलेले मूग वाढत होती ते कोणासाठी, ते मला माहीत आहे. मी त्याचंच सुतक पाळून बसली. आता कोणत्या तोंडानं फोडणी देऊ?"

रत्नाकरराव दारात उभे होते. ते तिथूनच बाहेर गेले. मिसराइनही कुंपणापासून घरी गेल्या.

त्यानंतर ताईंनीच गुरुजींना निरोप धाडला. आजचं बोलावणं त्याचं. मी गेले तेव्हा गुरुजी पाटावर होते, रत्नाकरराव खुर्चीवर, इंदू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

ताई म्हणाल्या, "गुरुजी, मुलाचं दिवसकार्य करून टाका. ग्वारीघाटला जाऊ. नर्मदामाईच्या काठावर होऊ द्या."

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, "वहिनी, तसं नाही करता येत. देह नाही, कोणी डोळ्यांनी पाहिलं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग दर्भाचा पुतळा करून विधी करतात. त्याच्या आधी केलं आणि तो जिवंत असला तर आपल्याच हातानं..."

"सरकारनं तर सांगितलं, गेला समजा."

"सरकारचं सरकारपाशी. मी कसं करू?"

"म्हणजे तो आहे असं म्हणता तुम्ही?"

"मी कुठं म्हणतो?"

"मग नाही म्हणता?"

"तेही नाही म्हणत."

ताई हसल्या. शैलूची खबर आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि आजही पाहायला नको होतं. "बारा वर्षं मी काय करू, गुरुजी?"

"नामस्मरण करा."

उंबऱ्यातून इंदू म्हणाली, "आणि मी?"

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं नाही. "तोवर कुंकू लावायला हरकत नाही," म्हणाले. दक्षिणा घ्यायला ते तयार नव्हते. रत्नाकररावांनी फाटकापर्यंत सोडलं.

इंदू उंबऱ्यातच होती. मग म्हणाली, "आई, मी पाटणला जाते. बाबा दोनदा निरोप पाठवून चुकले."

"जा," ताई म्हणाल्या. "परत ये म्हणत नाही मी. तुला वाटलं तर ये. तिथं तुला कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"मला माहीत नाही."

"मलाही नाही," ताई म्हणाल्या, आणि तिच्या ट्रंकेसाठी दोरी शोधायला उठल्या.

रोज मी अन्नपूर्णेपुढं बसले की त्या घरासाठी काही ना काही मागत आले. आधी शैलू येऊ दे, मग निदान खबर येऊ दे. आज हात जोडले आणि काय मागावं ते सुचलं नाही. जो आहे त्याला परत आण म्हणता येत नाही, जो गेला त्याला सद्गती दे म्हणता येत नाही. देवीला नुसता नमस्कार करून उठले. रत्नाकरराव संध्याकाळच्या शिफ्टला गेले. ताईंनी त्यांच्या डब्यात मीठ घातलेली उकडलेली मटकी दिली, डबा त्यांनी सायकलला अडकवला.

उद्या सकाळी विनताताई इंदूला पाटणच्या बसमध्ये बसवून द्यायला जाणार आहेत.