बाईचं पान

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. मी विम्याचा सर्व्हेअर आहे, म्हणजे शंका घ्यायचाच पगार खातो. गोठा जळाला म्हटलं की मी आधी विचारतो, म्हैस तेव्हा कुठे होती? बायको म्हणते, तुम्ही आरशालाही ओळखपत्र मागाल. तरी हे लिहितोय, कारण या प्रकरणात ज्याच्या-ज्याच्यावर संशय घेतला तो प्रत्येक जण सुटला.

खामगाव. नव्वदचं दशक अर्धं सरलेलं. बसस्टँडमागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं — दाराला हिरवा पडदा, आत चार मशिनी. पोरी त्या गल्लीतून जातच नसत. आमचा जीव एका मारामारीच्या गेमवर. त्यात सात गडी आणि एक बाई. गड्यांच्या अंगावर चिलखतं, जाडजूड कोट. बाईच्या अंगावर जेमतेम हातरुमालाएवढं कापड. ती दिसली की शिट्ट्या. आमचा नियम होता, जो हरेल त्यानं पुढची फेरी बाई घेऊन खेळायची. शिक्षाच ती! "घे बे, नेस आता लुगडं!" असं सगळे ओरडायचे. त्यामुळे तिला घेऊन जिंकायचा विचार कोणी केला नाही, आणि तिचे डाव कोणाला येतही नव्हते.

बाकी सातांचे डाव माझ्या वहीत होते. दोनशे पानी वही, प्रत्येक गड्याला एक पान, कोणतं बटण कधी दाबायचं ते बाणांनी काढलेलं. शेगावची पोरं ती उतरवून घ्यायला यायची, तेव्हा मी पुढाऱ्यासारखा मिरवायचो. आठव्या पानावर नुसतं 'बाई' लिहिलेलं, खाली कोरं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, अकरावीची परीक्षा झाल्यावर, एका सकाळी ते पान भरलेलं दिसलं. पेन्सिलीनं, सुबक, सहा डाव.

पहिला संशय अर्थातच दिनेशवर. माझा जिगरी, पण पक्का खोडकर. "मले काय माहीत बे?" तो म्हणाला. आम्ही मशीनवर करून पाहिलं... सहाच्या सहा डाव लागले. दिनेशनं त्या बाईच्या जोरावर तिघांना लोळवलं, तर पोरांनी त्याचीच टर उडवली — "बायकोच्या पदराआडून लढून राह्यला!" त्यानं चिडून वही ओढली आणि पान निरखलं.

"हे पोरीचं अक्षर आहे. तुह्या बहिणीच्या नोट्स मी माह्या भावासाठी आणल्या होत्या ना... तेच अक्षर."

संगीता माझ्याहून एक वर्षानं लहान. तिची दहावी झाली होती, आणि तिला सायन्सला जायचं होतं. गणितात मीच तिला शंका विचारायचो. घरी जाऊन तिची विज्ञानाची वही शेजारी ठेवली. तीच तुटक शिरोरेषा, तोच उजवीकडे कललेला बाण.

"तू त्या दुकानात गेली होती?"

"कोणत्या दुकानात? मी काऊन जाईन?" मग तिनं पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, हे अक्षर माह्यच आहे. पण मी नाही लिहिलं."

खोटं बोलणारा माणूस अक्षरच नाकारतो, एवढी अक्कल मला आज आहे. तेव्हा नव्हती. मी आवाज चढवला, आणि तो बाबांनी ऐकला. पोरगी पडद्याआडच्या त्या दुकानात जाते आणि पोरं तिच्या अक्षराची चर्चा करतात — त्यांना एवढंच कळलं. निकाल लागला, संगीता शाळेत दुसरी आली, सायन्सचा फॉर्म टेबलावर पडून होता. बाबांनी तिला वरवट बकालला आत्याकडे पाठवायचं ठरवलं. शिवणकाम शिकेल म्हणाले.

एसटीत बसताना ती रडली नाही. खिडकीतून एवढंच म्हणाली, "दादा, तू तरी सांग बाबाले. मी नाही गेली कुठं."

काय सांगू? मला तर खात्री होती की तिनंच लिहिलं.

ती गेल्यावर मी वही माझ्या पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला बांधलेली, आंघोळीलाही सोडत नव्हतो. बाराव्या दिवशी वही काढली, तर नवव्या पानावर बाईचेच आणखी तीन डाव. तेच अक्षर.

पेटी उलटी करून पाहिली, कडी-बिजागरी पाहिली. झोपेत मीच लिहिलं असेल म्हणून तसं अक्षर काढून पाहिलं... कोंबडीनं पाय ओढावे तसं आलं. दुपारी दुकान रिकामं असताना मशीनवर करून पाहिलं. तिन्ही डाव लागले. संगीता तेव्हा पन्नास किलोमीटरवर होती.

संध्याकाळी मी दोन्ही पानं फाडली आणि मागच्या अंगणातल्या चुलीत घातली.

मागच्या उन्हाळ्यात संगीताकडे गेलो होतो. आत्यानंच तिचं लग्न जमवलं, वरवटजवळच्याच गावात. ती ब्लाउज शिवते, चांगलं शिवते. तिची मुलगी मोबाईलवर गेम खेळत होती. खेळताना काय नाव लावतेस विचारलं तर म्हणाली, "गेममध्ये मी राहुल आहे मामा. पोरीचं नाव दिसलं की शिव्या देतात." पोरगी आत गेली, आणि इतकी वर्षं कोणालाही न सांगितलेलं दुसरं पान मी संगीताला सांगितलं. पेटी, कुलूप, चूल, सगळं.

तिनं शिलाईचं मशीन थांबवलं.

"कधी दिसलं ते पान?"

"तू गेल्यावर बाराव्या दिवशी."

"सायन्सच्या फॉर्मची शेवटची तारीख तं तवा जायची राह्यली होती."

"हाव, राह्यली होती," मी म्हणालो.

वही मी पुढे दोनदा तपासली, पहिल्या पानाबद्दल दिनेशला शपथ घालून विचारलं, दुकानवाल्यालाही. ते कोणी लिहिलं, कसं लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. ते पान बाबांच्या हातात का दिलं नाही, ते सांगता येतं. दिलं असतं तर चूक माझी ठरली असती. मी घाबरलो होतो, पण पेटीला नाही.

संगीतानं हातातल्या कापडाची सुरकुती काढली. मग म्हणाली, "इतके वर्सं मले वाटे, तुह्याजवळ पुरावा नव्हता म्हणून तू गप होता."