मी पास केलेला बोलपट

मागच्या बुधवारी दुपारी बेळगावातल्या एका थेटराबाहेर मी पाऊण तास सायकल धरून उभा होतो... तो पाऊण तास वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या टिळकवाडीतल्या गल्लीत एक रीत आहे. नवा बोलपट आला की आधी तो मी बघायचा, आणि मी "घरंदाज आहे" म्हटलं तरच बायकांनी जायचं. कोर्टात मी साधा कारकून, पण या बाबतीत मात्र जज्ज! खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

या महिन्यात तीन बघितले. पहिला पौराणिक... देव झकास, पण राक्षसाची मिशी एका बाजूनं सुटलेली आणि त्याचं सगळं लक्ष तिच्यात. तरी पास. दुसरा मारामारीचा, त्यात सगळ्यांत चांगलं काम घोड्यानं केलंय. तो नापास, कारण नायिका पाटलोण घालते आणि आमच्या आईला ते सोसायचं नाही.

तिसरा कौटुंबिक. नवऱ्यानं टाकलेली सोशिक बायको, तुळशीपुढं गाणी... मध्यंतरापर्यंत मी दोनदा डोळे पुसले. पण दिवसभराचा शीण आणि पोटभर जेवण, नंतर मला जी झोप लागली ती लोक उठायला लागले तेव्हाच मोडली.

आता जज्ज झोपला होता हे कुठल्या तोंडानं सांगणार? घरी येऊन ठोकून दिलं, "फस्टक्लास! शेवट गोड आहे." एवढी सोशिक बायको, म्हणजे नवरा परत येणारच असा माझा अंदाज. वर मुद्दाम म्हटलं, "इंदूलाही न्या."

इंदू माझी धाकटी बहीण. निपाणीला दिली होती, तंबाखूच्या वखारवाल्यांकडं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि सहा महिन्यांपूर्वी हिला आमच्या दारात आणून सोडलं.

तेव्हापासून ती "हो" आणि "नको" यापलीकडं बोलत नव्हती. श्रावणात एका दुपारी आईला ती परसातल्या विहिरीच्या काठावर दिसली... पाय आत सोडून बसलेली. त्या दिवसापासून तिला आम्ही एकटं सोडत नाही. पडद्यावरच्या बाईचा संसार परत जुळलेला बघून हिला जरा धीर येईल, असं मला वाटलं होतं.

बुधवारचा दुपारचा खेळ फक्त बायकांचा असतो. आई, माझी बायको आणि इंदू टांग्यानं गेल्या, मी कचेरीत. लढाईनं साखर पळवल्यापासून आम्ही गुळाचा चहा पितो, तो पिता पिता आमच्या टायपिस्टनं त्याच बोलपटाचा विषय काढला. तो खानापूरकडचा, मनानं हळवा.

"शेवट लई वाईट हो," तो म्हणाला. "ती विहिरीत उडी टाकते. मी तर हुंदके दिऊन रडलो बघा."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. सायकल काढली आणि सुटलो... साहेबांना सांगायचंही सुचलं नाही.

थेटराच्या दारावर एक भक्कम बाई बसलेली. आज गडी माणसं आत न्हाईत, एवढंच तिचं पालुपद. मी हातापाया पडलो तेव्हा तिला दया आली. म्हणाली, "नाव सांगा. काचेवर लिहून पडद्यावर दावत्यात, बाहेर बोलावलंय म्हणून."

नाव ओठांवर आलं आणि मी गिळलं. आत अर्ध्या गावच्या बायका. कुणाचंही नाव लिहिलं तरी उठणार तिघी, आणि सगळ्या माना वळणार... निपाणीहून परत आलेली ती हीच! शिवाय इंदूला लगेच कळणार, मला कसली भीती वाटली ते. बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत.

असा घोळ घालत असतानाच आतून शेवटचं गाणं ऐकू आलं. ते थांबलं. मग पाण्याचा धप्पकन आवाज... आणि आत शेकडो बायका एकदम रडायला लागल्या.

दार उघडलं. आई पदर तोंडाला लावून बाहेर आली, बायकोचे डोळे लालभडक. इंदू कुठाय विचारलं तर आईनं नुसता मागं हात केला. मागं बघितलं तर इंदू नाही. गर्दी ओसरत आली तरी नाही.

मग ती आली. डोळे कोरडे. थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, तू झोपलतास न्हवं?"

मी सायकलची घंटी चाचपायला लागलो.

"ह्येला गोड शेवट म्हणतोस व्हय? दुसरी केली त्यानं, आणि विहिरीत उडी हिनं टाकायची? का म्हणून? मी तर रोज त्याच्याच दारावरनं, मान वर करून, बाजारला गेले असते!"

जाणाऱ्या चार बायका थबकल्या. दारावरची ती बाई म्हणाली, "व्हय की!"

इंदू टांग्यात बसलीच नाही. माझ्या सायकलशेजारून चालत घरापर्यंत बोलत आली. गाणी लांबलचक, नवरा झालेला नट नुसता पावडरीचा डबा, आणि मी तर कसला परीक्षक, मला बैलबाजारात पाठवायला हवं! मी मान खाली घालून ऐकत होतो... आणि माझे डोळे वाहायचे काही केल्या थांबत नव्हते.

तर मंडळी, माझं मत विचाराल तर बोलपट वाईट आहे. शेवट तर फारच वाईट, जाऊ नका. पण सहा महिन्यांनी माझी बहीण माझ्याशी कडकडून भांडली ती त्याच्यामुळं... त्याचे हे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.