फायलींचं कूळ

१४ मार्चला विमा कचेरीच्या रेकॉर्डकीपरने बायकोच्या शिवणकामाच्या डब्यातून २,३४० रुपये घेतले आणि इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा विटेएवढा जाड कोश विकत आणला.

"अहो, संसार सोडून आता शब्दांच्या कुंडल्या मांडा!" बायको म्हणाली. "पैसे मात्र मला परत हवेत."

त्याने खरंच कुंडल्या मांडल्या. ग्राहकांच्या फायली वर्षानुवर्षं अक्षरवार होत्या, त्या कुळवार लावल्या. मॅन्युफॅक्चरिंगवाले, मॅनिक्युअरचं दुकान, मॅन्युअल छापणारा प्रेस, सगळे एका कपाटात. वर चिठ्ठी: 'हात'. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात, हे कचेरीत फक्त त्यालाच ठाऊक.

मग नवे मॅनेजर आले. "मँगो पल्प कंपनीची फाइल अर्ध्या तासात टेबलावर हवी. नाहीतर कपाटं भंगारात, आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही चौकशीच्या खिडकीवर."

खिडकीवर! दिवसभर दुसऱ्याच्या चुकांबद्दल बोलणी खायची! त्याने हाताचं कपाट पालथं घातलं. फाइल नाही.

"ज्या हाताने ठेवली, त्याच हाताला सापडेना होय?" टायपिस्टबाईंनी चिमटा काढला.

शेवटी त्याने कोशच उघडला. मँगोचा हाताशी काडीचा संबंध नव्हता. तो शब्द मल्याळमच्या बाजूने पोर्तुगीज खलाशांच्या गलबतात बसून इंग्रजीत उतरलेला. त्याला लख्ख आठवलं. हे वाचूनच त्याने ती फाइल हाताच्या कपाटातून काढून 'पाहुणे' कपाटात, म्हणजे आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत, ठेवली होती, शाम्पूवाल्यांच्या आणि बंगले बांधणाऱ्यांच्या शेजारी.

एकोणतिसाव्या मिनिटाला फाइल टेबलावर पडली.

"पाहुणे काय, हात काय!" मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाले. "आणि माझी फाइल कुठे असते?"

"हातातच, साहेब. मॅनेजर म्हणजे मुळात लगाम हातात धरून घोड्याला चाल शिकवणारा."

"म्हणजे घोडे आम्ही?" टायपिस्टबाई.

"ते कोशात दिलेलं नाही, बाई."

साहेबांना हसू आवरेना, पण गडी पक्का होता. "कपाटं राहू द्या. मात्र सगळ्या फायलींची अक्षरवार यादी उद्या दारावर लागलेली दिसली पाहिजे. त्याचा ओव्हरटाइम मिळेल."

यादी लागली. तीत साहेब 'मॅनेजर' म्हणून मँगोच्या बरोबर वर आले. ओव्हरटाइममधून त्याने डब्यात दोन हजार परत ठेवले.

बायकोचे ३४० रुपये अजून द्यायचे आहेत.