न्हाणीतल्या निळ्या फुलांच्या बाटल्या

मी मुळातच भित्री. लग्नाआधी पालींना, कुत्र्यांना आणि गणिताच्या बाईंना भ्यायचे; लग्नानंतर या सगळ्यांची जागा एकट्या सासूबाईंनी घेतली. त्या मला कधी टाकून बोलल्या असं नाही. पण त्या फार कमी बोलायच्या, आणि त्या गप्प बसल्या की माझ्याबद्दल काय काय म्हणत असतील ते सगळं मीच मनातल्या मनात रचत बसायची. त्या बार्शीला आणि आम्ही जयपूरला होतो, तोवर निभावून गेलं.

ह्यांची रेल्वेतली नोकरी. ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. शास्त्रीनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाला बार्शीहून पत्र आलं की थोरले दीर घर बदलताहेत, तोवर आईंना दोन महिने तुमच्याकडे ठेवून घ्या. सासूबाईंचा एक डोळा मोतीबिंदूकडे दुर्लक्ष झाल्याने आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन थंडीत झालं होतं आणि जाड भिंगाच्या चष्म्यातून त्याने त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं. अशा बाईला आम्ही मे महिन्यात राजस्थानात आणत होतो, यावरून आमच्या घरच्या अकलेचा अंदाज यावा. पत्र घडी करून ठेवताना हे एवढंच म्हणाले, “आईच्या डोळ्याला जप हं. आता तो एकच आहे.”

मला धास्ती बसली ती मात्र न्हाणीघराची. स्वयंपाकघर मी चकचकीत ठेवत असे, पण न्हाणी म्हणजे लाजिरवाणा प्रकार होता. तिथलं पाणी खारं. भिंतीत बसवलेल्या दगडी फळ्यांवर, बादलीवर, नळाच्या तोंडावर पांढरी पुटं चढलेली. फळीवर दाढीचं सामान, गंजका डबा, आणि फरशी घासायच्या तेजाबाची मळकट बाटली. तेजाब म्हणजे अ‍ॅसिडच; हातगाडीवाला गल्लीतून ओरडत जायचा आणि आपल्या बाटलीत भरून द्यायचा. सासूबाई सकाळी पहिल्यांदा इथे येणार आणि सूनबाईचं वळण ओळखणार, या विचाराने मला झोप लागेना.

खर्च करायचा नव्हता. ऑपरेशनमुळे हात आखडता होता आणि तसं ह्यांनी एकदा सांगितलंही होतं. मग मी जे हाती लागेल ते जमवायला लागले. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांच्या कडा कमानीसारख्या कातरल्या आणि खळीने फळ्यांना चिकटवल्या. खालच्या फळीला सांगानेरी छापाच्या चिंध्या जोडून पडदा केला, म्हणजे गंजका डबा आणि ब्रश आत. तडा गेलेल्या आरशाभोवती तुटक्या लाखेच्या बांगड्यांचे तुकडे लावले. घरमालकिणीकडे दारांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. तो तिने दिला आणि वर निळ्या रंगाची वाळत आलेली डबीही दिली. सरबताच्या तीन रिकाम्या बाटल्या पांढऱ्या रंगवून मी त्यांच्यावर निळी वेलबुट्टी काढली. बाजारात निळ्या नक्षीची ती जयपुरी भांडी असतात ना, तशी. दुरून बघितलं तर फसायला व्हायचं.

एका बाटलीत खोबरेल, एकीत गुलाबपाणी. तिसरीत काय भरावं याचा विचार करताना माझी नजर त्या मळकट बाटलीवर गेली. एवढ्या देखण्या रांगेत ती मला अगदी सहन होईना. मी तेजाब तिसऱ्या बाटलीत ओतलं. तिच्यावर नुसती पानं काढली होती, फूल नव्हतं; ही माझी खूण. शिवाय ती कायम भिंतीकडच्या टोकाला ठेवायची, असंही ठरवलं. ह्यांना हे सांगायचं राहून गेलं. खरं तर राहिलं नाही, मी सांगितलंच नाही, कारण ते ती बाटली उचलून बाहेर ठेवायला लावतील हे मला ठाऊक होतं.

सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना न्हाणी दाखवली. त्या चष्मा सावरत फळीजवळ गेल्या, “छान केलंयस,” म्हणाल्या आणि जवळून बघायला त्यांनी एका बाटलीकडे हात नेला. त्यांचा हात थोडा थरथरायचा. कोणती बाटली हे न बघताच मी ओरडले, “असू द्या, असू द्या, पडेल ती.” त्यांनी हात मागे घेतला. मी पडदा नीट केला आणि चहा टाकायला गेले. पहिली परीक्षा पार पडली म्हणून मी मनातून खूश होते.

पुढचे आठ दिवस बरे गेले. एक-दोन गोष्टी मला खटकल्या, पण मी त्यांच्या खोलात शिरले नाही. खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या त्यांच्या कापडी पिशवीचा तळ रोज ओला दिसायचा. तांब्या लवंडत असेल, म्हातारं माणूस, असं म्हणून मी फरशी पुसून घ्यायची. त्यांचे केसही रुक्ष दिसायला लागले होते. ते मी जयपूरच्या हवेवर ढकललं.

नवव्या दिवशी सकाळपासून त्यांचा डोळा चुरचुरत होता. सर्दीने नाक चोंदलं होतं, फोडणीचा वाससुद्धा येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, फळीवर मधल्या बाटलीत गुलाबपाणी आहे, हातावर घ्या आणि डोळ्यावर थापा, गार वाटेल. त्या बरं म्हणाल्या.

दुपारी तेजाबवाल्याची हाक आली. मी तिन्ही बाटल्या खाली काढल्या, फळी धुतली, पानांची बाटली भरून आणली, फरशीवर थोडं ओतून खराट्याने घासलं. इतक्यात घरमालकीण खालून हाका मारायला लागली, की आकाश पिवळं पडतंय, गच्चीवरचे पापड उचला, आंधी येतेय. मी हातासरशी बाटल्या फळीवर ठेवल्या आणि वर पळाले.

मी गच्चीवर पोचते तोच धुळीचा लोट आला. पापडांची प्लास्टिकची चादर गोळा करते आहे, तर जिन्याच्या दारात सासूबाई. मदतीला म्हणून वर आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यावर हात दाबला. “गेलं गं डोळ्यात,” म्हणाल्या.

मागे वळून न बघता मी म्हटलं, “खाली न्हाणीत जा आई, गुलाबपाणी लावा.”

त्या गेल्या. मी दोरीवरचं धोतर ओढलं, चिमटे गोळा केले, आणि चौथा का पाचवा चिमटा हातात असताना माझ्या डोळ्यांसमोर ती फळी आली. मी बाटल्या परत ठेवल्या होत्या. कशा ठेवल्या होत्या? टोकाला कोणती, मधे कोणती? मी बघितलंच नव्हतं. हात आठवत होता, बाटल्या आठवत नव्हत्या.

पापड, कपडे सगळं तिथेच टाकलं. जिना कसा उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. एक पायरी चुकली आणि गुडघा फुटला, हे नंतर रक्त बघून कळलं. न्हाणीचं दार बंद होतं, आतून कडी. मी दारावर थाप मारली, हाका मारल्या, “आई, बाटलीला हात लावू नका.” आत लोखंडी बादलीत नळ धोधो पडत होता, बाहेर शेजारचे पत्रे वाऱ्याने थडाथडा आपटत होते. आतून ओ आली नाही. वीज गेली होती. आत अंधार असणार, त्यांचा चष्मा काढलेला, नाक बंद, आणि मधली बाटली मीच सांगितलेली. गुलाबपाणी लावा, हे तर दोनदा.

दोन्ही मुठींनी दार बडवताना मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. एक गोष्ट मात्र आठवते आणि ती लिहिताना आजही मान खाली जाते. पहिल्यांदा मनात आलं ते त्यांच्या डोळ्याबद्दल नव्हतं. सगळे म्हणतील, सुनेनं केलं, हे आलं. ह्यांना मी काय तोंड दाखवू, हे आलं. त्यानंतर डोळा आला. तो आला तेव्हा मात्र बाकीचं सगळं पुसलं गेलं. या बाईंना उद्यापासून काहीच दिसणार नाही, त्या इथे परक्या गावात अंधारात बसून राहतील, मुलाचं तोंडही दिसणार नाही, एवढंच राहिलं. इतके दिवस मी त्यांना भीत होते. त्यांच्यासाठी मला भीती वाटण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती भीती त्या दुसरीपेक्षा कितीतरी मोठी होती.

नळ बंद झाला. कडी निघाली. सासूबाई पदराने तोंड टिपत बाहेर आल्या. डोळा लालभडक झाला होता. त्या माझ्याकडे, माझ्या गुडघ्याकडे बघायला लागल्या. म्हणजे त्यांना दिसत होतं.

“डोळ्याला काय लावलंत?” मी विचारलं.

“पाणी,” त्या म्हणाल्या. “नुसतं पाणी मारलं. गेला कण. पडलीस का तू?”

“बाटलीतलं नाही लावलंत?”

“नाही बाई. मी नाही हात लावला.” एवढं त्या इतक्या घाईने म्हणाल्या की मी चमकले. “तू एवढं हौसेनं मांडलंयस. माझा हात हा असा कापरा. एखादी पडली-फुटली असती म्हणजे? माझा साबणसुद्धा मी तिथे ठेवत नाही, पिशवीत ठेवते.”

मी आत गेले. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या पिवळट उजेडात तिन्ही बाटल्या रांगेने उभ्या होत्या. मधल्या बाटलीवर नुसती पानं होती.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मग त्यांना सगळं सांगितलं, तेजाबाचं, खुणेचं, ह्यांच्यापासून लपवल्याचं. आता बोलतील, असं वाटलं आणि खरं तर त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. त्यांनी पदर ओला करून माझ्या गुडघ्यावर धरला.

“त्या दिवशी तू ओरडलीस ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हापासून मला तुझी भीतीच वाटायची गं. दुसऱ्याचं घर, त्यात मी अशी आंधळी.”

मी म्हटलं, दुसऱ्याचं कसं, तुमच्या मुलाचं घर आहे. त्या हो म्हणाल्या, पण ते मला बरं वाटावं म्हणून.

त्यांच्या पिशवीत पातळांच्या घडीखाली तो साबण सापडला. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, ओला, मऊ पडलेला. पिशवीचा तळ ओला असायचा तो यामुळे. तेलही त्या आठ दिवस लावत नव्हत्या, कारण तेल बाटलीत आणि बाटली फळीवर.

त्याच संध्याकाळी मी तेजाबाची बाटली खाली घरमालकिणीच्या मोरीमागे, कुलपाच्या कोनाड्यात नेऊन ठेवली आणि वर चिठ्ठी बांधली. ह्यांना सगळं सांगितलं. ते चिडले, आणि चिडायलाच हवे होते. बाटल्यांची ती फळी मी पूर्ण रिकामी केली, कमानीचा कागदही खरवडून काढला. त्या उघड्या, पुटं चढलेल्या दगडावर डब्याचं एक झाकण ठेवलं, साबणासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळीला निघाल्या. साबण हातात घेऊन न्हाणीच्या दारात थांबल्या आणि मला म्हणाल्या, “ठेवू ना इथे?”

मी हो म्हटलं. त्या बार्शीला परत जाईपर्यंत मी रोज हो म्हणत होते, कारण त्या रोज विचारत होत्या.