बर्फाच्या कप्प्यातल्या नळ्या

“नाव नीट घ्या, मग हसा,” असं बाई म्हणायच्या. चष्मा वर सरकवायच्या आणि फळ्यावर ‘अंडकोष’ लिहायच्या. वर्ग खिदळायचा. हसू संपेपर्यंत बाई थांबायच्या आणि पुढे शिकवायच्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीच्या एका कॉलेजातली. बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. मी त्यांच्याच विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. मुलांचं हसू त्यांच्या वयाचं होतं, आमच्या स्टाफरूममधलं तसं नव्हतं. तुम्हीही अशा स्टाफरूममध्ये कधीतरी बसला असाल.

बाईंची पीएच.डी. उंदरांच्या अंडकोषातल्या पेशींवर चालू होती. “नवरा नाही, पण हौस बघा,” विभागप्रमुख सर म्हणायचे, बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सगळ्यांत आधी मी हसायचो. माझी नोकरी कायम व्हायची होती.

एकदा मी त्यांना विचारलं, “बाई, ह्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?”

त्यांनी कागदावर एक गोल काढला. “ही पेशी पुरुषाचं संप्रेरक बनवते. मेंदूकडून रक्तातून सांगावा आला की हिच्या कडेची बारीक दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. हृदयाच्या रोग्यांना देतात त्यातली काही औषधं ही दारं बंद करतात. मग संप्रेरक कमी बनतं का, एवढंच मला बघायचंय.”

तो कागद मी स्टाफरूममध्ये दाखवला. सरांनी त्या गोलाला मिशा काढल्या.

संप्रेरक मोजायची सोय रत्नागिरीत नव्हती. दोन वर्षं बाई नमुने नळ्यांत भरून विभागाच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात साठवत होत्या. मुंबईच्या एका प्रयोगशाळेनं मे महिन्यात ते तपासून द्यायचं कबूल केलं होतं. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून बर्फ आणायचा आणि पेटीत भरून एसटीनं न्यायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

स्नेहसंमेलनाच्या वेळी बाई आजारी आईला बघायला पूर्णगडला गेल्या होत्या. सर मला म्हणाले, “आईस्क्रीमला जागा कर. तो उंदरांचा पसारा काढ बाहेर.”

“बाईंना विचारायला नको?”

“विचार की. कायमसुद्धा त्यांच्याकडूनच हो मग.”

मी ट्रे काढून ओट्यावर ठेवला. संध्याकाळी तो परत आत ठेवता आला असता. मी ठेवला नाही.

दोन दिवसांनी बाई आल्या. एकेक नळी उचलून त्यांनी उजेडात धरली. आतलं सगळं वितळून नासलं होतं.

“लाईट गेली होती,” सर म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो, गेली होती.”

“आणि ट्रे ओट्यावर लाईटनं ठेवला?”

बाईंनी नळ्या स्वतः धुतल्या. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. मला त्याच महिन्यात कायम केलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पिंजऱ्यात अकरा उंदीर उरले होते.

“सुट्टीत ह्यांना खायला कोण घालील?”

“शिपायाला सांगतो मी.”

“नको. तुम्ही सांगणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि उंदीर मारायची ईथरची बरणी पुढे ओढली.

दहा उंदीर त्यांनीच बरणीत सोडले. अकरावा उचलून माझ्या हातात दिला.

“हा तुम्ही घाला.”

तो माझा अंगठा हुंगत होता. बाई झाकण उघडून उभ्या होत्या, मी त्याला आत सोडेपर्यंत.