चंद्रभागाबाई धुरात उभ्या राहिल्या

११ मे १९९२. मृत चार. चौघीही स्त्रिया, चौघीही रोजंदारीवर.

पुण्याच्या उत्तरेला शोभेची दारू भरणारा एक लहान कारखाना तेव्हा होता. त्याच्या शेवटच्या शेडमध्ये त्या दिवशी पाच जणी कामाला होत्या, पाचव्या चंद्रभागाबाई. शेडमध्ये शिरण्यापूर्वी बायकांनी बांगड्या, केसातले आकडे, जोडवी काढून पदराच्या गाठीत नव्हे, तर बाहेर फळीवर ठेवायची. धातूवर धातू घासला की ठिणगी पडते, एवढे विज्ञान प्रत्येकीला ठाऊक होते. दुसरा नियम धुराचा. धूर दिसला की हातातले टाकायचे, वारा ज्या बाजूने येतो तिकडे पळायचे, मागे वळायचे नाही. चंद्रभागाबाईंनी नियम पाळला आणि त्या वाचल्या. त्यांच्यासोबत दारापर्यंत आलेली इंदुबाई आतल्या तिघींना हाक मारायला वळली.

त्यानंतर येरवड्यातल्या दोन खोल्यांत चंद्रभागाबाईंनी चार घरचे स्वयंपाक करून एकुलत्या एका लेकीला, आम्रपालीला, इंजिनिअर केले. हिंजवडीच्या कंपन्यांना माणसे हवी होती. आम्रपालीला नोकरी लागली. इथवरची गोष्ट त्या काळात अनेक घरांत घडली. पुढची घडली नाही. आम्रपालीने पगारातून जुनी मोटारसायकल घेतली, ती खोलून पुन्हा जोडली, आणि पाव मैलाच्या सरळ शर्यतीत उतरू लागली. दोन गाड्या, दोन सरळ पट्ट्या, मध्ये दिव्यांचा खांब. हिरवा लागला की सुटायचे. पुढे एका गॅरेजने तिला पगारावर आपली स्वार म्हणून घेतले आणि तिने हिंजवडी सोडली. वस्तीने नावे ठेवली. आईने नावे ठेवली नाहीत. मात्र शर्यत बघायलाही कधी गेली नाही.

"एकदा नुसती ये. काही करू नकोस, फक्त उभी राहा," आम्रपाली दर हंगामात म्हणायची. २०१३च्या डिसेंबरात, अंतिम फेऱ्यांच्या दिवशी, चंद्रभागाबाई गॅरेजच्या शंभूबरोबर शहराबाहेरच्या धावपट्टीवर पोचल्या.

पेट्रोलचा वास नाकात शिरताच त्यांचे हात आपोआप केसांकडे गेले. आकडे निघाले, बांगड्या उतरल्या. सगळे रुमालात बांधून त्यांनी शंभूच्या हाती दिले.

"मावशी, हे कशाला?"

"ठेव. लांब ठेव."

कठड्याशी शेजारी श्यामसुंदर नावाचे एक निवृत्त गृहस्थ डोक्याला उपरणे गुंडाळून उभे होते. नातवाच्या हट्टाखातर आलो, असे ते प्रत्येकाला सांगत होते. "एवढा खर्च करून दहा-अकरा सेकंदांत संपवायचं. आमच्याकडे चहासुद्धा याहून सावकाश पितात."

आम्रपाली पट्टीवर आली. तिने पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक जागच्या जागी फिरवले. रबर जळाले आणि पांढऱ्या धुराचा लोट तिला गिळून कठड्याकडे सरकला.

"पळा! हातातलं टाका!" चंद्रभागाबाईंचा आवाज इंजिनावर चढला. "इकडं! वाऱ्याकडं तोंड करा! ए पोरी, ते पाकीट टाक!" त्यांनी श्यामसुंदररावांचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने एका अनोळखी मुलीला ओढले. त्या आवाजात असे काही होते, की कठड्यावरची सगळी रांग प्रश्न न विचारता पळाली. त्या सर्वांत शेवटी पळाल्या, मागे वळून वळून बघत.

शर्यत थांबली. पंच धावत आले. "मावशी, आग नाही! चाक तापवतात. तापलं की टायर रस्ता धरतो."

पोरे हसली. श्यामसुंदरराव धापा टाकत म्हणाले, "अहो बाई, पळायचं काम त्यांचं. आम्ही ते बघायचं तिकीट काढलंय."

हेल्मेट काखेत घेऊन आम्रपाली आली. आईचे मोकळे केस पाहताच ती सारे समजली.

"हरलीस का गं?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

"अजून सुटलेच नाही. आधी तूच सुटलीस."

चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. "आमू, सगळे आले. मागं कोणी राहिलं नाही."

आम्रपालीने मान हलवली. "बघितलं मी." मग हलकेच म्हणाली, "पुन्हा धूर होणार आहे, आई. शंभू घरी सोडेल तुला."

"चाक तापवलं नाही तर?"

"घसरेन."

"मग तापव."

शंभूकडून रुमाल मागून घेऊन त्यांनी बांगड्या चढवल्या, आकडे खोचले आणि त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. श्यामसुंदरराव शेजारी सरकले. "या वेळी पळायचं असेल तर आधी सांगा. चप्पल घट्ट करतो."

"तुम्ही उभे राहा दादा. मी हाय."

धूर आला. डोळ्यांतून पाणी वाहिले, कठड्यावरची बोटे पांढरी पडली. पाय हलले नाहीत. खांबावरचे दिवे वरून खाली एकेक लागत गेले, शेवटी हिरवा लागला, आणि आवाज कानांनी ऐकण्याआधी बरगड्यांना लागला. धूर फाडून लेक बाहेर पडली, गाडीवर अशी आडवी, की माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते ते कळू नये. शेजारच्या पट्टीवरचा स्वार मागे पडत गेला.

"कोण आहे हो ती?" मागून कुणी विचारले.

"आमची," श्यामसुंदरराव म्हणाले, आणि चपापून चंद्रभागाबाईंकडे पाहू लागले.

"माझी," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणा. चालतंय."

शाळेचा निकाल, नोकरीचे पत्र, पहिला पगार, या प्रत्येक वेळी लोकांनी त्यांना अभिमानाने ताठ झालेले पाहायची अपेक्षा केली होती आणि त्या पदराने तोंड पुसत आत गेल्या होत्या. त्या दिवशी त्या आत गेल्या नाहीत. आम्रपाली परत येईपर्यंत त्या तशाच, धुराने काळवंडलेल्या तोंडाने, ताठ उभ्या राहिल्या.

कारखाना त्याआधीच बंद झाला होता. त्या जागेवर काचेची इमारत आहे. इंदुबाई कोणासाठी वळली, हे तिथे कुठेही लिहिलेले नाही, आणि त्या चौघींचे आपण काही देणे लागतो, असे आजवर कोणीही मान्य केलेले नाही.